दुर्मीळ जर्मन आडनावाचा माग कसा काढावा: अर्थ सगळ्यात शेवटी

फ्रीडरिख नीत्शे आपल्याला तत्त्वज्ञ म्हणून ठाऊक असतो. पण त्याचा मूळ पेशा ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या अभ्यासाचा, आणि त्यात तो इतका तरबेज होता की 1869 मध्ये, पंचविशी गाठायच्या आतच, बाझल विद्यापीठाने त्याला प्राध्यापक केलं. जुन्या ग्रंथांतला एकेक शब्द पारखून घेणारा हा माणूस स्वतःच्या आडनावाच्या बाबतीत मात्र घरातल्या दंतकथेवर विसंबला. एप्रिल 1888 मध्ये डॅनिश समीक्षक गेओर्ग ब्रांडेस यांना लिहिलेल्या पत्रात त्याने आपले पूर्वज पोलिश उमराव होते असं बेधडक सांगितलं आणि त्यांचं मूळ आडनावही देऊन टाकलं: 'निएत्स्की'. वर दाखला काय, तर परदेशात लोक मला पोलिश समजतात, नीस शहरातल्या पाहुण्यांच्या यादीतही तशीच नोंद झाली! पुढे वायमारच्या नीत्शे-संग्रहाचं काम पाहणारे त्याचे नातलग माक्स ओलर यांनी पूर्वजांची वंशावळ लावली. तीत पोलिश उमराव कुठेच निघाले नाहीत. निघाली ती साध्या जर्मन नावांची माणसं.

एवढा मोठा भाषापंडित फसला, कारण तो गोष्टीपासून निघाला. आपण गावापासून निघायचं. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्याच एका सूत्रावर बेतल्या आहेत: आधी आडनाव कुठलं ते शोधा, मग केवढं पसरलंय ते पाहा, आणि अर्थाला हात सगळ्यात शेवटी घाला. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकणारे, जर्मनीत नोकरीला गेलेले, तिथे सोयरीक जुळलेले असे बरेच जण हा उद्योग हौसेने सुरू करतात आणि पहिल्याच दिवशी शब्दकोश उघडून अडकतात. सरावाला नीत्शे हेच आडनाव घेऊ. या स्पेलिंगचं आडनाव जर्मनीत कमीच आढळतं, आणि त्याचा माग नीट लागतो.

पहिली पायरी: स्पेलिंग, तेही सगळी

आज पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे ते फार जुनं असेलच असं नाही. सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी प्रशियात 1 ऑक्टोबर 1874 पासून आणि साऱ्या जर्मन साम्राज्यात 1 जानेवारी 1876 पासून सुरू झाली. (ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेकडे फ्रेंच अंमलामुळे ती 1798 च्या सुमारासच आली होती.) त्याआधी सगळा कारभार चर्चच्या वह्यांत. पाद्रीबुवा ऐकू येईल तसं लिहायचे. एकाच माणसाचं आडनाव बाप्तिस्म्याला एक, लग्नात दुसरं आणि दफनाच्या वेळी तिसरं, हे अगदी नेहमीचं.

म्हणून कागद घ्या आणि ऐकायला सारखी वाटतील अशी सगळी रूपं लिहून काढा. सी आणि के, एफ आणि पीएच, टी-डी-डीटी, आय आणि आयई, वाय आणि आय, एस-एसएस-एसझेड या जोड्या एकमेकींच्या जागी सर्रास येतात. नीत्शेसाठी यादी अशी होते: आयई ठेवून, नुसता आय ठेवून, मधला झेड ठेवून, गाळून, शेवटचा ई ठेवून, गाळून. त्यात नित्श्के, निच अशी नात्यातली रूपंही धरा. डझनभर सहज होतात.

हा मधला झेड किरकोळ समजू नका. 'त्श' या उच्चारासाठी इतर ठिकाणी टी-एस-सी-एच ही चार अक्षरं पुरतात. सॅक्सनीच्या परिसरात मात्र मध्ये झेड घालून पाच अक्षरांची मोळी बांधायची रीत होती. डेलिच या गावाच्या नावात ती आहे, फ्रिचे या आडनावात आहे आणि नीत्शेतही आहे. शब्दकोशाला हात न लावता निव्वळ स्पेलिंगवरून आपण अर्ध्या जर्मनीला बाजूला सारू शकतो ते असं.

आणखी काही सापळे. अठराव्या शतकापर्यंत आणि कुठे कुठे त्यानंतरही बायकांच्या आडनावाला 'इन' हा प्रत्यय लागायचा, म्युलरची बायको किंवा मुलगी म्युलरिन. तो काढून टाकून शोधा. अमेरिकेला गेलेल्या घराण्यांची रूपं इंग्रजी वळणाची झाली: आयझेनहाउअरचं आयझेनहॉवर झालं, पियानो बनवणाऱ्या श्टाइनवेगचं स्टाइनवे. आणि सोळाव्या-सतराव्या शतकातल्या शिकलेल्या मंडळींना आपलं आडनाव लॅटिन किंवा ग्रीक करून घ्यायची भारी हौस. श्नायडरचा (शिंपी) सार्टोरियस, म्युलरचा (गिरणीवाला) मोलिटोर, बाउअरचा (शेतकरी) आग्रिकोला. धर्मसुधारक मेलांखटोन हा मूळचा श्वार्ट्सएर्ट. तुमचं दुर्मीळ आडनाव 'उस'ने संपत असेल तर मागे एखादा साधा शिंपी किंवा कुंभार उभा असू शकतो.

जर्मन वंशावळीच्या काही संकेतस्थळांवर शोधताना 'क्योल्न ध्वनिपद्धत' असा पर्याय दिसतो. 1969 मध्ये हान्स योआखिम पोस्टेल यांनी मांडलेली ही पद्धत जर्मन उच्चारांनुसार सारखी नावं एकत्र आणते. ती चालू ठेवा. इंग्रजीसाठी बनवलेली साउंडेक्स पद्धत जर्मन नावांवर तितकी चालत नाही.

दुसरी पायरी: आजचा नकाशा आणि आकडा

जर्मनीत साडेआठ लाखांच्या आसपास वेगवेगळी आडनावं आहेत. म्युलर, श्मिट, श्नायडर अशी थोडी आडनावं लाखोंच्या तोंडी, आणि बाकीची प्रचंड रांग मोजक्या घरांपुरती. म्हणजे दुर्मीळ असणं हे तिथे काही विशेष नाही. ज्याला त्याला आपलं आडनाव एकमेव वाटतं, ते सोडा.

पसारा मोजायचं नेहमीचं साधन म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी. 'जिओजेन'सारख्या नकाशांवर आडनाव टाकलं की जिल्हावार रंग उमटतात. माइंत्सच्या विज्ञान आणि साहित्य अकादमीचा डिजिटल आडनाव-कोश, ज्याला अभ्यासक थोडक्यात डीएफडी म्हणतात, तो 2005 च्या लँडलाइन जोडण्यांवर उभा आहे. नवखे विचारतात, इतकी जुनी आकडेवारी कशाला? कारण त्यानंतर लोकांनी लँडलाइन सोडल्या आणि यादीत नाव देणंही बंद केलं. या कामापुरती जुनी डिरेक्टरी आजच्या डिरेक्टरीपेक्षा भरवशाची.

जोडणी म्हणजे एक घर, एक माणूस नव्हे. माणसांचा अंदाज हवा असेल तर जोडण्यांना अडीच ते तीनने गुणतात. त्यातून निघतो तो अंदाजच; कुणाला सांगताना 'सुमारे' हा शब्द गाळू नका.

नकाशा बहुधा दोन प्रकारे पाहता येतो. एकात निव्वळ आकडा असतो, दुसऱ्यात दर लाख किंवा दर दहा लाख लोकांमागचं प्रमाण. पहिल्यात बर्लिन, हॅम्बुर्ग, म्युनिक नेहमीच गडद दिसतात, कारण तिथे माणसंच जास्त. मूळ गाव शोधायला दुसरा नकाशा घ्या. पण अगदी दुर्मीळ आडनावाला तोही चकवतो: विरळ वस्तीच्या जिल्ह्यात तीन घरं असली तरी रंग गडद होतो. म्हणून दोन्ही उघडे ठेवून पाहावं.

तिसरी पायरी: जुना नकाशा

इथे जास्त वेळ द्या. आजचा नकाशा पाहून 'आमचं आडनाव ऱ्हूर भागातलं' असं ठरवणारे बहुतेक चुकतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोळसा आणि पोलादाच्या कामासाठी पूर्वेकडून लाखो लोक ऱ्हूरमध्ये आले. मग 1945 नंतर सायलेशिया (आज बहुतेक पोलंडमध्ये), पूर्व प्रशिया, पोमेरेनिया, सुडेटन भाग आणि पूर्व युरोपातल्या इतर ठिकाणांहून एक कोटीहून जास्त जर्मन पळून आले किंवा हाकलले गेले. त्यांची आडनावं त्यांच्याबरोबर बव्हेरियात, लोअर सॅक्सनीत, जागा मिळेल तिथे गेली. सायलेशियातली जुनी आडनावं आज पश्चिम जर्मनीत भेटतात. फुटबॉलपटू मिरोस्लाव क्लोजे वाढला पश्चिमेच्या टोकाला, जन्मला मात्र सायलेशियातल्या ओपोलेत. आणि क्लोजे हे खास सायलेशियन वळणाचं आडनाव आहे.

याला उपाय म्हणजे 1945 च्या अलीकडे न येणारी साधनं. 1890 च्या सुमाराची स्थिती दाखवणारे आडनावांचे नकाशे मिळतात. त्याहून कामाच्या आहेत पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या 'फेअरलुस्टलिस्टन', म्हणजे मेलेल्या, जखमी झालेल्या, बेपत्ता आणि कैद झालेल्या सैनिकांच्या छापील याद्या. जर्मनीतल्या संगणक-वंशावळ संघटनेच्या स्वयंसेवकांनी त्यांतल्या 80 लाखांहून जास्त नोंदी शोधता येतील अशा केल्या आहेत, आणि त्या फुकट पाहता येतात. बऱ्याच नोंदींत सैनिकाचं मूळ गाव असतं. हे लोक साधारण 1870 ते 1900 मध्ये जन्मलेले, म्हणजे मोठी उलथापालथ व्हायच्या आधीचा नकाशा आपोआप हाती येतो. दुर्मीळ आडनावासाठी मला यापेक्षा चांगलं साधन दुसरं वाटत नाही. एकच पथ्य: एका सैनिकाची दोन-तीनदा नोंद असू शकते, आधी जखमी, मग बेपत्ता. नावाबरोबर गाव जुळवून मोजा.

नीत्शेच्या कुळातली आडनावं अशी मांडली की चित्र उघडतं. झेडवाली रूपं सॅक्सनी आणि लगतच्या भागात. झेड नसलेलं नित्शे मुख्यतः सायलेशिया आणि लाउझिट्सकडे (पूर्व जर्मनीतला पोलंडलगतचा भाग). तत्त्वज्ञ नीत्शे जन्मला 15 ऑक्टोबर 1844 रोजी लुत्सेनजवळच्या र्‍योकन गावात, लाइपझिशपासून फार दूर नाही.

इथे नावांचा एक घोळ सांगून ठेवतो. र्‍योकन तेव्हा प्रशियाच्या 'सॅक्सनी प्रांता'त होतं, सॅक्सनीच्या राज्यात नव्हे. आज ते 'सॅक्सनी-आनहाल्ट' राज्यात आहे. लोअर सॅक्सनी आणखी तिसरंच, पार वायव्येला. जुन्या कागदात नुसतं 'सॅक्सनी' दिसलं तर तारीख पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर भलत्याच अभिलेखागाराला पत्र जातं. गावांच्या नावांचंही तेच. नोयडॉर्फ, नोयश्टाट नावाची गावं ढिगाने आहेत. 1912 च्या सुमाराचा 'मायर्स' हा साम्राज्यातल्या गावांचा कोश ऑनलाइन आहे, त्यात गाव कोणत्या जिल्ह्यात आणि चर्च कुठलं ते सापडतं.

चौथी पायरी: शेपटी ओळखा

प्रदेश कळला की आडनावाचा शेवट त्याच्याशी जुळतो का ते पाहा. 'ले' श्वाबियातलं (हेबर्ले), 'ली' स्वित्झर्लंडचं, 'झेन' उत्तरेच्या डॅनिश सीमेकडचं (पेटरझेन), 'इंगर' बहुधा दक्षिणेचं. 'ओव' मेक्लेनबुर्ग-ब्रांडेनबुर्गचं, आणि त्यातला शेवटचा डब्ल्यू उच्चारत नाहीत. 'इट्स' पूर्वेकडचं, मूळ स्लाव्ह गावनावांतून आलेलं. गावाच्या नावाला 'एर' लागलं की झालं आपलं 'कर': न्युर्नबेर्गचा तो न्युर्नबेर्गर, पुण्याचा तो पुणेकर. पण लक्षात घ्या, असं आडनाव गाव सोडून गेलेल्याला मिळतं. न्युर्नबेर्गमध्येच राहणाऱ्याला न्युर्नबेर्गर म्हणण्यात काय हशील? त्यामुळे आडनाव जिथे पडलं ते घर त्या गावात नसतं, त्याच्या आसपास किंवा दूर असतं.

ढोबळमानाने जर्मन आडनावांचे पाच वर्ग करतात: बापाच्या नावावरून, धंद्यावरून, मूळ गावावरून, राहत्या जागेवरून (बाख म्हणजे ओढ्याकाठचा) आणि चिडवण्याच्या नावावरून. कुठलं आडनाव कुठल्या वर्गात जातं हे तुम्ही घाईने ठरवू नका. कैझर आडनावाचा माणूस सम्राटाच्या वंशातला नसतो. कुणी दरबाराच्या चाकरीत असतो, कुणी नुसता थाटात चालतो आणि गाव त्याला कैझर म्हणायला लागतं.

पाचवी पायरी: चर्चच्या वह्या

आता प्रत्यक्ष माणसं. सरकारी नोंदवहीतल्या जन्मनोंदी 110 वर्षांनी, विवाहनोंदी 80 वर्षांनी आणि मृत्यूनोंदी 30 वर्षांनी अभिलेखागारात खुल्या होतात. त्याअलीकडच्या नोंदी नोंदणी कार्यालय म्हणजे श्टांडेसआम्ट देतं, आणि साधारणपणे थेट वंशजालाच. हौशी माणसाने तिथे वेळ घालवू नये.

1876 च्या मागे जायचं तर आधी पंथ विचारा. प्रोटेस्टंट चर्चच्या वह्या 'आर्किऑन' या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात. कॅथलिक वह्या बऱ्याच प्रमाणात 'मॅट्रिकुला'वर फुकट आहेत. दोन्हीकडे सगळं नाही. गाव यादीत आहे का ते पैसे भरण्याआधी बघा. कॅथलिक जगात 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर वह्या ठेवणं सक्तीचं झालं, पण 1618 ते 1648 च्या तीस वर्षांच्या युद्धात गावंच्या गावं जळाली, वह्याही जळाल्या. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोचलात तर भरून पावलात.

अक्षर हा खरा डोंगर. कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत ई आणि एन जवळजवळ सारखे दिसतात, यूच्या डोक्यावर छोटी वळी असते. पहिल्या आठवड्यात मजकूर वाचायचा हट्ट धरू नका. त्या पाद्र्याच्या हाताने लिहिलेली तुमच्या आडनावाची एक खात्रीची नोंद शोधा, तिचा स्क्रीनशॉट बाजूला ठेवा आणि पानं चाळताना फक्त तो आकार शोधत जा. कॅथलिक वहीत धंदे लॅटिनमध्ये असतात, फाबर म्हणजे लोहार, सार्टोर म्हणजे शिंपी. ते आडनाव समजून टिपून घेऊ नका.

वेस्टफालियात एक वेगळाच प्रकार. तिथे आडनाव माणसाचं नसून शेतवाडीचं असायचं. घरजावई वाडीवर आला की वाडीचं आडनाव घ्यायचा, पोरं त्याच नावाने ओळखली जायची. अशा ठिकाणी आडनावाचा माग काढता काढता रक्ताचं नातं सुटून जातं. वहीत 'गेनांट' (म्हणजे 'ऊर्फ') दिसलं की सावध व्हा. ईस्ट फ्रीझलंडमध्ये तर नेपोलियनच्या 1811 च्या हुकुमापर्यंत स्थिर आडनावच नव्हतं, दर पिढीला बापाचं नाव लागायचं. ज्यू कुटुंबांचंही असंच: ऑस्ट्रियात 1787 मध्ये, प्रशियात 1812 मध्ये, बव्हेरियात 1813 मध्ये स्थिर आडनाव घेणं भाग पडलं. त्याच्या मागे आडनावाने शोधण्यात अर्थ नाही.

सहावी पायरी: आता अर्थ

प्रदेश, जुनी रूपं आणि काही पिढ्या हाताशी आल्या की मग कोश उघडा, आणि एकावर थांबू नका. बालोव्हचा जुना कोश, डुडेनचा आडनाव-कोश आणि वर सांगितलेला डीएफडी हे तीन पुरेत. तिघांचं जमत नसेल तर तुमचा नकाशा कुणाच्या बाजूने बोलतो ते पाहा.

नीत्शेचं उत्तर साधं आहे: निकोलाउस. मीरा शहरातल्या (आजच्या तुर्कस्तानात) संत निकोलसचे अवशेष 1087 मध्ये इटलीतल्या बारी शहरात आणले गेले आणि पश्चिम युरोपात त्याचं नाव घरोघरी पोचलं. प्रत्येक भागाने ते आपल्या जिभेने तोडलं. कुणी पुढचा भाग ठेवला: निकेल, निक्लास. कुणी मागचा: क्लाउस, क्लास, उत्तरेला क्लाउसेन, सायलेशियात क्लोजे. सॅक्सनीत पुढच्या 'नि'ला लाडाचा 'त्शे' जोडला. हाच लाडाचा शेवट फ्रीडरिखला लागून फ्रिचे झालं. म्हणजे फुटबॉलपटू क्लोजे आणि तत्त्वज्ञ नीत्शे आडनावाने एकाच संताच्या पदरात.

तो 'त्शे' मात्र स्लाव्ह वळणाचा आहे. या भागात सोर्ब हे स्लाव्ह लोक जर्मनांच्या शेजारी शतकानुशतकं राहिले, आणि लाउझिट्समध्ये अजून राहतात. शेजाऱ्यांच्या बोलीतले प्रत्यय जर्मन बोलणाऱ्यांनीही उचलले. पोलिश उमरावांच्या दंतकथेला कानाला पटेल असा आधार मिळाला तो बहुधा इथून. स्लाव्ह वास खरा होता. त्यावरून उमरावकी काढणं ही पुढची उडी.

म्हणून घराण्याची गोष्ट फेकून देऊ नका, पण ती वेगळ्या पानावर लिहा. तीच गोष्ट कुलचिन्हांची. 'तुमच्या आडनावाचं चिन्ह' म्हणून चौकट करून विकणारे भरपूर आहेत. कुलचिन्ह एका ठरावीक घराण्याचं असतं, आडनावाचं नसतं. 'फॉन' दिसलं की सरदार, हेही खरं नाही. वायव्य जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये साध्या शेतकऱ्याच्या नावातही फॉन असतो, 'अमुक ठिकाणचा' एवढ्याच अर्थी. 1919 च्या वायमार राज्यघटनेने तर सरदारी किताब म्हणजे नावाचा एक भाग, एवढंच ठेवलं.

एकाच आडनावाची दोन मुळंही असतात. रॉयटर हा एका ठिकाणी जंगल तोडून शेत केलेल्या जागेवरून येतो, दुसऱ्या ठिकाणी घोडेस्वारावरून. तुमच्या नकाशावर एकमेकांपासून लांब असे दोन गडद ठिपके असतील तर प्रत्येकाची चौकशी वेगळी करा.

अडलात तर कुणाला विचारायचं

लाइपझिशच्या सरकारी अभिलेखागारात जर्मन वंशावळीचं केंद्र आहे. तिथे जुन्या हौशी संशोधकांनी पाठवलेल्या पूर्वजपत्रकांचा मोठा संग्रह आहे, मध्य आणि पूर्व जर्मनीच्या आडनावांसाठी विशेष कामाचा. लाइपझिश विद्यापीठाचं नाव-सल्ला केंद्र आडनावांवर लेखी अहवाल देतं, त्याचे पैसे पडतात. गावाच्या पॅरिश कार्यालयाला लिहायचं असेल तर पत्र जर्मनमध्ये आणि पाच-सहा ओळींचं ठेवा: आडनाव सगळ्या रूपांसह, माणसाचं नाव, अंदाजे वर्ष, पंथ, आणि एकच प्रश्न. 'आमच्या घराण्याविषयी जे असेल ते पाठवा' असं लिहिलेलं पत्र तसंच पडून राहतं. शुल्क किती ते आधीच विचारा. उत्तर यायला दोन-तीन महिने लागले तर रागावू नका, लहान गावात ते कार्यालय आठवड्यातून एखाद-दोन दिवसच उघडं असतं.

मिळालेल्या प्रत्येक नोंदीखाली वहीचं नाव, वर्ष, पान आणि मूळ स्पेलिंग जसंच्या तसं उतरवा. आजच्या स्पेलिंगप्रमाणे दुरुस्त करायचा मोह होतो. करू नका, तो गाळलेला झेड पुढे कधीतरी लागतो.